लाप्राकच्या डोंगरात दहा लिटरचा डबा

साताऱ्यातल्या एका हॉटेलात गेली चौदा वर्षं स्वयंपाक करणारे एक नेपाळी गृहस्थ आहेत. आम्ही सगळे त्यांना दाजू म्हणतो; नेपाळीत थोरल्या भावाला दाजू. गेल्या दिवाळीत त्यांनी मला मोबाइलवर त्यांच्या आईचा व्हिडिओ दाखवला. आई राहते नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात, लाप्राक गावाजवळच्या वस्तीत. सत्तरी ओलांडलेली बाई, कपाळावरून घेतलेला पट्टा, पाठीवरच्या टोपलीत पाण्याचे दोन कॅन आणि समोर उभी चढण. "भूकंप झाला आणि घराजवळचं पाणी गेलं. ताई, तुम्ही झऱ्यांचंच काम करता ना?"

मी वीस वर्षं कासच्या आणि पाटण तालुक्यातल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवर, फिरते आहे. सड्यावरचा झाडझाडोरा आणि सड्याखालचे झरे हाच माझा अभ्यास. दाजूंचा प्रश्न डोक्यातून जाईना. चार महिन्यांत सातारा, वाई, कराडच्या लोकांनी मिळून सव्वाचार लाख रुपये जमवले आणि चैत्राच्या तोंडावर आम्ही सात जण निघालो: दाजू, मी, आपशिंग्याचे निवृत्त सुभेदार काका, एक निवृत्त शिक्षिका (त्यांना सगळे बाईच म्हणतात), पाणीपुरवठ्याचं काम केलेला एक इंजिनियर आणि माझे दोन विद्यार्थी. ठरवलं होतं ते साधं होतं. खालच्या झऱ्यावरून वस्तीपर्यंत पाइप टाकायचा आणि एक टाकी बांधायची.

पहिले तीन दिवस : सातारा ते गोरखा

पुण्याहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा, पलीकडे भैरहवाला मुक्काम, मग बसनं नारायणगढ, मुगलिंग आणि गोरखा. प्रवास लांबचा, पण सरळ झाला.

नारायणगढ ते मुगलिंग हा रस्ता त्रिशूली नदीला बिलगून जातो. २०२४ च्या जुलैत याच रस्त्यावर दरड कोसळून दोन बस नदीत गेल्या. खिडकीतून मी डोंगरच बघत होते. जिथं जिथं उतार कापलाय तिथं दगडाचे थर पापुद्र्यांसारखे सुटलेले दिसतात. आपला बेसाल्ट असा नसतो. हे पापुद्रे मनात ठेवा, पुढं त्यांचं काम आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. आधार कार्डावर विसंबून जाऊ नये. आपल्या १०० रुपयांचे तिथले १६० होतात. आपल्या शंभराच्या नोटा बाजारात सहज घेतात, मोठ्या नोटा नेऊन अडून बसू नका. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करा. आणि आठवड्याची सुट्टी तिथं शनिवारी असते. कुठल्या कार्यालयात काम असेल तर त्या हिशेबानं पोचा.

चौथा दिवस : गोरखा बाजार

आमच्यातल्या काहींचा आग्रह होता की साताऱ्याहून कपडे, भांडी, दिवे भरून न्यावेत. नेले नाहीत ते फार बरं झालं. पाइप, सिमेंट, फावडी, पत्रे सगळं गोरखा बाजारात मिळालं, सीमेवर जकातीचा प्रश्न आला नाही आणि पैसा तिथल्याच दुकानदाराकडे गेला. एका हितचिंतकानं वाटायला देशी झाडांचं बी दिलं होतं, तेही मी घरीच ठेवलं. एका देशाचं बी दुसऱ्या देशाच्या रानात टाकणं हे पुण्याचं काम नव्हे. त्याचा पुरावा दोनच दिवसांत पायाखाली येणार होता.

दुसरं महत्त्वाचं काम म्हणजे परवानगी. लाप्राकचा भाग धार्चे गाउँपालिकेत (म्हणजे ग्रामपालिकेत) येतो. वस्तीच्या लोकांनी आधीच वॉर्ड कार्यालयात अर्ज देऊन ठेवला होता, म्हणून आमचं काम झालं. अर्ज त्यांचा, काम त्यांचं, आम्ही हातभार लावणारे, असंच कागदावरही असावं.

संध्याकाळी गोरखा दरबार चढून गेलो. पृथ्वीनारायण शाहांचं हे मूळ ठाणं. डोंगराच्या टोकावरून उत्तरेला हिमालय दिसतो असं ऐकलं होतं. दिसला फक्त धूर. चैत्र-वैशाखात तिथंही रानाला वणवे लागतात, त्याला डढेलो म्हणतात. आपल्याकडे फाल्गुनात डोंगर जळताना जो वास येतो, तोच तिथं नाकात गेला आणि जीव उदास झाला.

पाचवा दिवस : बारपाक

दरौंदी नदीच्या काठानं जीप निघाली. बलुवानंतर वळणांवर वळणं घेत रस्ता चढतो. धूळ इतकी की पावसाळ्याआधीच्या कोयना खोऱ्यातला कच्चा रस्ता त्यापुढे गुळगुळीत वाटावा. रुमाल, पाणी आणि आले-लिंबाच्या गोळ्या हाताशी ठेवा.

बारपाक महाबळेश्वरपेक्षा पाचएकशे मीटर उंच आहे. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपाचं केंद्र याच गावाजवळ होतं. देशभरात जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. पूर्वीची दगडी भिंतींची, काळ्या पाटीच्या छपरांची घरं आता थोडीच उरली आहेत. नवी बहुतेक सिमेंटची आणि पत्र्याची.

शाळेतल्या एका शिक्षकांनी सांगितलं, "बाह्र वैशाख (बारा वैशाख), दुपारी बारा वाजायला चार मिनिटं होती. शनिवार होता. शाळेच्या खोल्या पडल्या, आत कोणी नव्हतं." आमच्या बाईंनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. छत्तीस वर्षं शाळेत काढलेली बाई, तिला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

मला माझी आई आठवत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती, पाटणजवळच्या खेड्यात. आजीनं तिला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं. पुढचे कित्येक दिवस सगळा गाव खळ्यात झोपला. आई सांगते, त्या भूकंपानंतर गावामागच्या झऱ्याचं पाणी आठवडाभर गढूळ येत होतं. लहानपणी मला ती गोष्ट वाटायची. बारपाकच्या आजीबाई अगदी तेच सांगत होत्या: पाणी गढूळ झालं, कुठं एकदम वाढलं, कुठं कायमचं गेलं. "मुल सर्‍यो," म्हणजे झरा सरकला. भूकंपात खडकातल्या जुन्या भेगा मिटतात, नव्या उघडतात, आणि पाणी वाट बदलतं. शास्त्र सांगतं ते हेच.

संध्याकाळी सुभेदार काका दिसेनात. शोधायला गेलो तर एका ओट्यावर भारतीय लष्करातले एक पेन्शनर गोरखा आजोबा आणि काका शेजारी शेजारी बसलेले. बारपाक हे गजे घले यांचं गाव. १९४३ साली बर्मा आघाडीवरच्या पराक्रमासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. काकांचं आपशिंगे तर मिलिटरी आपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. या दोघांची भाषा अर्धी हिंदी, अर्धी हातवाऱ्यांची. वेगवेगळ्या साली दोघंही सियाचिनच्या पायथ्याशी राहून आलेले. आजोबांनी पायाची दोन बोटं दाखवली, बर्फानं गेलेली. काकांनी वाकून त्या पायाला हात लावला.

सहावा दिवस : गुप्सीपाखा ओलांडून वस्तीकडे

बारपाकहून लाप्राककडे जाताना मधली धार ओलांडावी लागते. जीप जाते, पण आम्ही सामान जीपमध्ये टाकून चालत निघालो. ही वाट चुकवू नये. खाली वाटेच्या कडेनं आमची जुनी ओळखीची भेटली: रानमोडी. कोयनेच्या जंगलात जिथं मोकळी जागा दिसेल तिथं माजणारी ही अमेरिकेतली वनस्पती नेपाळच्या डोंगरउतारांवरही तशीच पसरली आहे. तिथं तिला नि तिच्या एका बहिणीला म्हणतात वनमारा. आपण म्हटलं रान मोडणारी, त्यांनी म्हटलं वन मारणारी. हजार मैलांवरच्या शेतकऱ्यांनी एकमेकांना न विचारता एकच नाव ठेवलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी बियांची गोष्ट तिथंच सांगितली.

वर चढलो तसं लाली गुराँस लागला, नेपाळचं राष्ट्रीय फूल. फुलांच्या मोसमात पळस जसा पानाविना पेटतो तसा हा नाही. गर्द हिरव्या पानांच्या टोकाला रक्तासारखे गुच्छ. खाली पायवाटेवर पाकळ्यांचा सडा.

धारेवर गुप्सीपाखा. लाप्राक गाव सरकत्या उतारावर वसलेलं; भूकंपानंतर अनिवासी नेपाळी संघानं इथं, अडीच हजार मीटरच्या वर, पाचशेहून अधिक घरं बांधून दिली. घरं भक्कम आहेत, पण शेतं खाली जुन्या गावात. म्हणून लोक वर-खाली करतात, पेरणीला खाली, भीतीच्या दिवसांत वर. हे बघताना २०२१ च्या जुलैत दरडी कोसळलेली पाटण तालुक्यातली आंबेघर, मिरगाव, ढोकावळे डोळ्यांपुढं आली. त्या दरडींनंतर मी तिथं गेले होते. घर देता येतं, पण शेत, गोठा आणि पाणवठा उचलून नेता येत नाही. पुनर्वसन करणाऱ्यांनी हे आधी ऐकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

दाजूंची वस्ती लाप्राकच्या अलीकडे, गुरुंग लोकांची, एकतीस घरांची. तीन वर्षांनी लेक घरी आला होता. आमा, म्हणजे दाजूंची आई, अंगणात उभ्या होत्या. त्यांनी आधी त्याच्याकडे नाही, आमच्याकडे बघितलं, प्रत्येकाच्या गळ्यात गुराँसची माळ घातली, आणि मग लेकाच्या छातीवर डोकं टेकलं. नववीतली नात बाजूला लाजून उभी.

जेवायला ढिंडो, गुन्द्रुकचं (आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचं) सार आणि सिस्नूची भाजी. ढिंडो कोदोच्या पिठाचा असं सांगितलं. आपल्याकडे कोदो म्हणजे वेगळंच धान्य, पण ताटात आली ती आपली नाचणी! नेपाळीत नाचणीलाच कोदो म्हणतात. महाबळेश्वर-पाटणच्या डोंगरी घरांत जी उकड किंवा आंबील होते, तिचाच हा घट्ट भाऊ. सिस्नू म्हणजे खाजकुयलीसारखी आग करणारी पानं, चिमट्यानं खुडतात आणि शिजली की पालकासारखी मऊ होतात. चटणीत टिमूर होता. एक दाणा दाताखाली आला आणि जीभ झिणझिणली. कोकणात माशाच्या आमटीत घालतात ते तिरफळ! दोन्ही एकाच कुळातली, मी पान हातात घेऊन खात्री केली. बाईंनी डब्यातला मिरचीचा ठेचा काढला. आमांनी ढिंडोबरोबर खाल्ला, डोळे पुसले आणि पुन्हा वाटी पुढं केली.

न्यायचंच असेल तर कंदी पेढे न्या. भाजलेल्या खव्याचे असल्यानं आठवडाभर छान टिकले आणि एकतीस घरांना पुरले. पोरांना मात्र रस्त्यात चॉकलेटं वाटत सुटू नका. घरच्या मोठ्यांच्या हातात द्या.

सातवा आणि आठवा दिवस : डबा, घड्याळ आणि पापुद्रे

पहाटे आमांच्या मागोमाग पाणवठ्यावर गेले. त्याला तिथं पंधेरो म्हणतात. उतरायला चाळीस मिनिटं, भरून चढायला तासाहून जास्त. डोको म्हणजे बांबूची टोपली, तिचा नाम्लो म्हणजे पट्टा कपाळावर. मी वीस लिटर घेऊन निघाले आणि दुसऱ्या वळणावर टेकले. आमा थांबल्या, माझा एक कॅन काढून आपल्या डोकोत ठेवला आणि म्हणाल्या, "बिस्तारै, नानी." हळू, पोरी.

हा खालचा झरा आणि घराशेजारचा जवळजवळ आटलेला, दोन्ही मोजले. त्याला यंत्र लागत नाही. दहा लिटरचा डबा धारेखाली धरायचा आणि भरायला किती वेळ लागतो ते बघायचं. वस्तीजवळच्या धारेला ४ मिनिटं १० सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला २.४ लिटर, दिवसाला साडेतीन हजारांच्या आत, घरटी एकशे दहा लिटर, त्यातच गुरं. खालच्या झऱ्यालाही फारसं पाणी नव्हतं. इंजिनियर दादानं दोनदा मोजलं आणि वही मिटली. खालून पंपानं पाणी वर आणलं असतं तर दोन-तीन वर्षांत तोही झरा कोरडा पडला असता आणि त्याच्या खालच्या वस्तीशी भांडण लागलं असतं. साताऱ्यात बसून केलेला बेत तिथंच सोडला.

मग प्रश्न राहिला तो हा, की हे पाणी मुरतं कुठं? सह्याद्रीत बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे. सड्यावरचा जांभा पाऊस पितो आणि खाली कठीण थराच्या सांध्यातून झरा फुटतो. डोक्यावर बघितलं की उत्तर मिळतं. इथं दगडाचे पापुद्रे उत्तरेकडे कललेले. वस्ती धारेच्या उत्तर अंगाला. म्हणजे धारेच्या दक्षिण अंगाला, पापुद्र्यांच्या उघड्या कडांवर पडणारा पाऊस थरांवरून घसरत इकडे येत असणार. झऱ्याचं पाणी वस्तीच्या डोक्यावर मुरत नव्हतं, डोंगराच्या पलीकडे मुरत होतं.

दिवसभर आम्ही ती धार पालथी घातली. सोबत गावातले एक म्हातारे गुराखी. धारेच्या माथ्यावर मला उथळ, चिखलानं भरलेले, गवत माजलेले खोलगट खड्डे दिसायला लागले. एक, दोन, पाच. मी विचारलं, हे काय? "आहाल," ते म्हणाले. म्हशी डुंबायच्या जागा. पूर्वी उन्हाळ्यात म्हशींचे कळप वर यायचे. म्हशी लोळायच्या, खड्डे खोल राहायचे, पावसाळ्यात भरायचे आणि हळूहळू मुरायचे. आता पोरं मलेशियात, आखातात, साताऱ्यात. म्हशी राखणार कोण? म्हशी गेल्या, खड्डे बुजले, पाणी माथ्यावर न थांबता वाहून जाऊ लागलं. भूकंपानं धक्का दिला खरा, पण झरा त्याच्या आधीपासूनच बारीक होत होता. म्हातारेबाबांनी ते एका वाक्यात सांगितलं: "म्हैस गेली, मूल गेलं." मूल म्हणजे नेपाळीत झरा. मराठी माणसाच्या काळजात ते वाक्य वेगळंच रुतलं. दाजू तोंड फिरवून उभे राहिले.

नववा दिवस : बैठक

अडचण अशी की तो दक्षिण उतार पलीकडच्या गावाच्या सामुदायिक वनात येतो. नेपाळनं १९९३ च्या कायद्यानं गावकऱ्यांच्या उपभोक्ता समूहांना जंगलं सांभाळायला दिली. आज असे बावीस हजारांवर समूह आहेत आणि बोडके डोंगर पुन्हा हिरवे होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे परवानगी सरकारी कचेरीतून आणायची नव्हती, शेजाऱ्यांकडून मिळवायची होती.

वड-पिंपळाच्या पाराला तिथं चौतारो म्हणतात. तिथं तीन तास बैठक चालली. पलीकडच्या समूहाच्या अध्यक्ष एक ताठ कण्याच्या बाई. त्यांचा सवाल रास्त होता: पाणी तुमच्याकडे जाणार, खड्डे आमच्या रानात, मग आम्हाला काय? आमच्या वस्तीतले पुरुष हुज्जत घालायला लागले. तेव्हा आमा उठल्या. खड्ड्यांवर पहिला हक्क तुमच्या गुरांचा, मजुरी निम्मी तुमच्या गावाला, आणि आमच्या उतारावरचं गवत दोन वर्षं तुम्ही कापा, असं त्यांनी सांगितलं. अध्यक्षबाईंनी मान डोलावली. पैसे आम्ही नेले होते, पण तो सौदा आमच्या कुणाच्या डोक्यातून निघाला नसता.

दहावा ते तेरावा दिवस : खणती

पाच आहाल आणि एक जुनी पोखरी, म्हणजे तळं, उपसायची ठरली. प्रत्यक्षात तीन आहाल आणि पोखरीच घेतली. उरलेल्या दोघांच्या वरच्या अंगाला जमिनीत बोटभर रुंद, लांबलचक भेगा होत्या आणि झाडं वाकून उगवलेली, म्हणजे उतार सरकतोय. अशा ठिकाणी पाणी साठवलं तर ते भेगेत उतरतं आणि खालची वस्ती दरडीखाली जाते. पाणी मुरवायच्या उत्साहात हे विसरता येत नाही, आपल्याकडेही. डोंगरउतारावर सरसकट चर खणणाऱ्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, आधी भेगा शोधा, वाकलेली झाडं बघा.

रोज चाळीसएक माणसं. बायका जास्त. सुभेदार काका कुदळ घेऊन सकाळी सहाला हजर. तिसऱ्या दुपारी आभाळ काळं झालं आणि बोराएवढ्या गारा पडल्या. सगळे ताडपत्रीखाली दाटीनं बसलो, गुरुंग बायका गायला लागल्या, बाईंनी भोंडल्याचं गाणं म्हटलं. गारा थांबल्या. पोखरीत घोट्याएवढं पाणी आणि त्यावर पांढऱ्या गारा तरंगत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाजूंच्या लेकीनं मला हाक मारून उठवलं. दहा दिवसांचा धूर धुऊन निघाला होता. समोर बौद्ध हिमाल, हिमालचुली, सगळं एवढं जवळ की श्वास अडकला. आम्ही दोघी पायरीवर घोंगडीत बसून राहिलो, ऊन शिखरावरून खाली उतरेपर्यंत.

परत, आणि नंतर

पाइपाचे पैसे बरेच वाचले. ते वस्तीच्या पाणी समितीकडे दरवर्षी गाळ काढण्यासाठी ठेवले. पाइप लागला तो फक्त घराशेजारच्या धारेपासून छोट्या टाकीपर्यंत, रात्रीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून.

निघताना दहा लिटरचा डबा, एक वही आणि माझं घड्याळ दाजूंच्या लेकीकडे दिलं. दर पंधरा दिवसांनी मोजायचं. फोटो वडिलांच्या मोबाइलवर येतो आणि दाजू रात्री काम संपल्यावर मला आणून दाखवतात. वैशाखात आकडा वाढला: ४ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे धार आणखी बारीक. मला झोप लागली नाही. आषाढात तो १ मिनिट १५ वर आला, पण पावसाळ्यात प्रत्येक झरा वाहतो, त्यावरून काही ठरत नाही. पुढच्या चैत्रात ४ मिनिटं १० सेकंदांच्या खाली आला तर मी मानीन.

मागच्या फोटोखाली तिनं एक ओळ लिहिली होती: "दिदी, तपाईंको मुल कति?" तुमचा झरा किती?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शंभर झऱ्यांची नोंद आहे माझ्याकडे, पण आईच्या गावामागचा झरा मी कधी मोजलेला नव्हता. गेल्या रविवारी आईला घेऊन पाटणला गेले. ती काठी टेकत स्वतः वाट दाखवत पुढं चालली. मी डबा धरला, तिनं मोबाइलमध्ये वेळ बघितली. ५२ सेकंद. वहीच्या पानाचा फोटो काढून लाप्राकला पाठवला आहे.